अर्ध्या भाकरीची उतराई
(पंडिता रमाबाई यांचे चरित्र)

आमच्या मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात आभारप्रदर्शनाचे काम बहुधा माझ्याकडे येते. ते अगदी शेवटी असते. अध्यक्षांचे भाषण संपलेले असते, मागच्या रांगेतल्या भगिनी चपला शोधू लागलेल्या असतात, चहाचा वास सतरंजीपर्यंत पोचलेला असतो, आणि मी उभी राहून सतरंज्या देणाऱ्यांपासून दिवाबत्ती पाहणाऱ्यांपर्यंत सर्वांची नावे वाचून दाखवते. एखादे नाव राहिले तर वर्षभर त्याचा उल्लेख होतो! ह्या वर्षी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहा, असे मला सांगण्यात आले, तेव्हा मनात आले की, आभार मानणे हेच जिने जन्माचे काम केले अशा बाईंविषयी लिहावे. म्हणून पंडिता रमाबाईंची निवड केली.

दुसरेही एक कारण आहे. मी लहान असताना रेल्वेच्या चाळीत आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. त्यांच्याकडे जेवायला बसले की घरातल्या मावशी डोळे मिटून दोन मिनिटे काही पुटपुटत. आमच्या घरी जेवणापूर्वी श्लोक म्हणत, तसाच हा त्यांचा श्लोक असेल अशी माझी समजूत होती. पुढे त्यांनीच सांगितले की, ह्याला उपकारस्तुती म्हणतात. हा शब्द मला फार आवडला. आपल्या बोलीत उपकार 'फेडायचे' असतात, आईबापांचे 'पांग' फेडायचे असतात, माणसाने 'उतराई' व्हायचे असते. त्यांच्याकडे उपकारांची स्तुती करतात. स्तुती आणि फेड ही दोन्ही एकाच आयुष्यात कशी बसतात, हे मला रमाबाईंचे चरित्र वाचताना समजले.

भगिनींनो, आपल्या कुर्डुवाडीच्या फलाटावर उभे राहिले की एका बाजूचे रूळ सोलापूर, गुलबर्गा, वाडी असे करीत रायचूरला जातात. दुसऱ्या बाजूचे केम, जेऊर, भिगवण, दौंड करीत केडगावला जातात. (हे पुणे जिल्ह्यातले केडगाव, नगरजवळचे नव्हे.) रायचूरला रमाबाईंनी एक ऋण घेतले आणि केडगावला ते फेडले, असे मला वाटते. मध्ये वीस-बावीस वर्षे आणि अर्धे जग गेले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान चित्पावन ब्राह्मण. त्यांनी त्या काळी जे केले ते आजही सर्वांना जमत नाही. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले. त्यावरून ओरड झाली, पंडितांच्या सभेपुढे जाऊन शास्त्राधार दाखवावा लागला, पण ते मागे हटले नाहीत. अतिथींचे आगत करता करता जवळचे द्रव्य संपले आणि कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. रमाबाई तेव्हा सहा महिन्यांच्या होत्या. एका माणसाच्या डोक्यावर वेताच्या पाटीत घालून त्यांना डोंगरावरून खाली आणले. तेव्हापासून ह्या मुलीला घर असे राहिलेच नाही. देवळाच्या ओवरीत वडिलांनी पुराण सांगावे, श्रोत्यांनी दक्षिणा, शिधा द्यावा, आणि पुढचे तीर्थ गाठावे.

पण शिक्षण थांबले नाही. वडील वृद्ध झाले होते, म्हणून रमाबाईंना आईने शिकविले. भल्या पहाटे, पाखरे उठायच्या वेळी, आई मुलीला मांडीवर घेऊन जागे करी आणि एकेक श्लोक म्हणवून घेई. उजाडले की तिला कामे असत, म्हणून हा वेळ. पाटी नाही, पुस्तक नाही. बारा वर्षांची होईपर्यंत मुलीला भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले. आपणही मुलांना पहाटे शाळेसाठी उठवतो, तेव्हा जे आपल्या तोंडून निघते त्याला श्लोक म्हणता येणार नाही, पण ते असो.

पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. माढे तालुक्यातल्या वाचकांना दुष्काळ म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. पुराण ऐकायला कोण बसणार, आणि बसले तरी ओंजळीत काय घालणार? शास्त्रीबुवांच्या घराला मजुरी ठाऊक नव्हती आणि भीक मागायला जीभ वळत नव्हती. भांडी गेली, दागिने गेले, वस्त्रे गेली. शेवटी तिरुपतीच्या बाजूच्या रानात अकरा दिवस पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजुरांवर काढले. जलसमाधी घेण्याचाही विचार झाला. तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला की, मी मजुरी करीन, आणि ते सर्व रानाबाहेर पडले. पण वडिलांचे शरीर थकले होते. १८७४ साली त्यांनी देह ठेवला. जाण्यापूर्वी धाकट्या मुलीला जवळ घेऊन, देवाची सेवा सोडू नकोस, एवढेच त्यांनी मागितले. हे मागणे रमाबाईंनी पुढे कोणत्या देवळात नेऊन पुरे केले, ते शास्त्रीबुवांच्या स्वप्नातही आले नसेल.

उरलेली माणसे कशीबशी रायचूरला आली. आई तापाने आणि उपासाने अंथरुणाला खिळली होती. वातात ती बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागू लागली. रमाबाई शेजारच्या एका ब्राह्मण बाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. सोळा वर्षांची मुलगी, पंडिताची लेक, हजारो श्लोक जिभेवर, आणि भाकरी हा एक शब्द काही केल्या तोंडातून फुटेना. नुसत्या डोळ्यांतून धारा. बाईंनीच काय झाले म्हणून विचारले, आणि ऐकल्यावर आनंदाने भाकरी दिली. ती घेऊन मुलगी धावत आईकडे गेली. पण आईच्या अंगात ती खाण्याचीही शक्ती राहिली नव्हती. थोड्याच दिवसांत ती गेली. तिरडी उचलायला माणसे मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले. तिसरा खांदा भावाचा आणि चौथा रमाबाईंचा. त्या ठेंगण्या होत्या, त्यांचा खांदा पुरेना, म्हणून त्यांनी आपल्या बाजूचे ओझे डोक्यावर घेतले आणि तीन मैल चालल्या.

ती भाकरी देणारी बाई कोण, तिचे नाव काय, हे इतिहासात नाही. तिचे आभार मानायला रमाबाई परत तिच्या दारी गेल्याची नोंदही मी कोठे वाचली नाही. मला वाटते, त्यांच्या आयुष्याचा बराचसा हिशेब ह्या एका दारापासून मांडावा.

पुढची वर्षे मी लौकर सांगून टाकते, कारण ती बहुतेकांना ठाऊक आहेत. थोरली बहीण पटकीने गेली. भाऊबहीण हजारो मैल पायी हिंडली. झेलमच्या काठी थंडीने मरू नये म्हणून वाळूत खड्डे करून त्यात अंग पुरून रात्री काढल्या. १८७८ साली ती कलकत्त्यास पोचली. तेथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. कलकत्त्यालाच त्यांनी प्रथम ख्रिस्ती प्रार्थना पाहिली. मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसलेली पाहून, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात की काय, अशी त्यांना शंका आली! ही आठवण त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. भाऊ १८८० साली गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलांशी नोंदणी विवाह केला. जात वेगळी, भाषा वेगळी. १८८१ साली मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीही गेले. दहा वर्षांच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा. वय तेवीस. कडेवर मूल.

त्या पुण्यास आल्या आणि १८८२ सालीच आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच्या शाखा आपल्या सोलापूर, पंढरपूर, बार्शी येथेही निघाल्या होत्या. आज आपण ज्याला महिला मंडळ म्हणतो त्याचे बीज आपल्या भागात तेव्हाच पडले होते असे म्हणायला हरकत नाही.

इंग्लंडला जाऊन वैद्यकी शिकावी असे रमाबाईंच्या मनात आले. येथून पुढे त्यांच्या कृतज्ञतेचा खरा कस लागला. आपल्याकडे उपकार घेणाऱ्याने खाली मान घालून राहावे अशी रीत आहे. सासरच्यांचे उपकार, भावाचे उपकार, मालकाचे उपकार. उपकार म्हटले की मिंधेपणा आलाच. रमाबाईंना मिंधेपणा मानवत नसे. त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा केला. १८८३ साली त्या वाँटेज येथील ख्रिस्ती जोगिणींच्या मठात उतरल्या, तेव्हा राहण्याजेवण्याच्या बदल्यात हिंदुस्थानात येणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायचे, असा ठराव होता. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला.

मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथे एक आश्रम दाखविला. वाट चुकलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय देत. आपल्याकडे अशा बाईची सावली चुकवतात. येथे शिकलेल्या, कुलीन बायका त्यांच्याशी मायेने वागत होत्या. असे का, म्हणून रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचायला मिळाली. विहिरीवर पाण्याला आलेली, पाच नवरे झालेली, परक्या आणि तिरस्कृत जातीची ती बाई. येशू तिच्याजवळ पाणी मागतो आणि तिच्याशी धर्माच्या गोष्टी बोलतो. ज्या मुलीने रायचूरला परक्या दारात उभे राहून मागणे काय असते हे भोगले होते, तिच्या काळजाला हे भिडले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. कोणी हळहळले, कोणी संतापले.

इंग्लंडातल्या लोकांना मात्र वाटले की, आता ही आपली झाली. आणि रमाबाई तशा कोणाच्याच पुरत्या झाल्या नाहीत! मठातल्या सिस्टर जेराल्डिन ह्या त्यांच्या धर्ममाता. मायलेकी त्यांना आजीबाई म्हणत. ह्या आजीबाईंनी पुढे मनोरमेला काही वर्षे पोटच्या मुलीसारखे सांभाळले. त्यांचे उपकार रमाबाईंनी कधी नाकारले नाहीत. पण धर्मशास्त्रातली जी गोष्ट बुद्धीला पटेना ती, गुरू सांगतात म्हणून, मान्य करायला त्या तयार नव्हत्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. मांसाहार केला नाही तो केलाच नाही, शेवटपर्यंत. आपल्या देशातल्या पुरोहितांचे जोखड मानेवरून काढून टाकल्यावर दुसऱ्यांचे घेणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी आजीबाईंना स्पष्ट लिहिले. आजीबाई दुखावल्या. त्यांना हा गर्व वाटला. त्यांच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. ज्या मुलीला आपण आसरा दिला, तिने प्रत्येक गोष्टीत प्रश्न विचारावे, हे कोणाला रुचेल? तरीही दोघींचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे टिकला. रमाबाईंची पत्रे आजीबाईंनी जपून ठेवली, संगतवार लावली, आणि १९७७ साली ती मुंबईत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. रागावलेल्या माणसाने इतकी पत्रे जपली नसती.

उपकार स्मरणे आणि मान तुकविणे ह्यांत त्यांनी असा फरक केला. मला हे चरित्र वाचताना ह्या जागी थांबावेसे वाटते, कारण आपण बायका येथेच चुकतो. ज्याने दोन घास घातले त्याला विचारही गहाण टाकतो, नाहीतर विचार सोडवून घेताना उपकारही विसरतो.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभाचे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या तेव्हा रमाबाई तेथे होत्या. काही महिन्यांसाठी गेलेल्या बाई जवळजवळ तीन वर्षे राहिल्या, गावोगाव व्याख्याने दिली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते त्यांनी आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले. ज्या ठिकाणी एखाद्या बड्या आश्रयदात्याचे नाव सहज शोभले असते, त्या पानावर पहाटे मांडीवर घेऊन श्लोक शिकविणाऱ्या लक्ष्मीबाई डोंगरे आहेत. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले.

त्या पैशातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांसाठी शारदासदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ह्याच पुढे धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी आनंदीबाई, आपल्या सर्वांच्या बाया कर्वे. सदनात कोणाच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही असे ठरले होते. ब्राह्मण मुलींच्या सोवळ्याओवळ्याची सोय वेगळी राखली होती. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर ह्यांच्यासारखी माणसे सल्लागार होती. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. १८९३ साली ह्यावरून मोठे वादळ झाले. सल्लागारांनी राजीनामे दिले. वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले.

ह्या प्रकरणी दोष कोणाचा? मला वाटते, पालकांचा विश्वास दुखावला गेला हे खरे आहे. ज्या बाईंना आपल्या देवाचे आभार मानल्याशिवाय दिवस उगवत नव्हता त्यांनी दार लावून घ्यावे असे म्हणणेही जड जाते. पण मूल दुसऱ्याचे असले की दार लावावे लागते. रमाबाईंनी ह्यापासून एक बोध घेतला. ह्यापुढे जी संस्था काढली ती उघडउघड ख्रिस्ती म्हणून काढली, कोणाला अंधारात ठेवले नाही.

तीच केडगावची. तेथे सुमारे शंभर एकर जमीन घेतलेली होती. फळझाडे लावावी, सदनाला थोडे उत्पन्न व्हावे, एवढाच हेतू. तोच १८९६ साली दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या की, पोरक्या मुली रस्त्यावर पडल्या आहेत आणि वाईट माणसे त्यांना उचलून नेत आहेत. रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे की, त्या बातम्या वाचताना आपले जुने दिवस डोळ्यांपुढे उभे राहिले. जवळ पैसा नव्हता. अमेरिकेच्या मदतीची मुदत संपत आली होती. तरी त्या निघाल्या.

काय पाहिले असेल त्यांनी तिकडे? हाडांचे सापळे, केसांत जटा, अंगावर खरूज, आणि अन्न दिसले की हिसकावून घेण्याची झालेली सवय. ह्या मुली त्यांनी आणल्या. काही महिन्यांत सुमारे तीनशे. पुण्यात प्लेगची धास्ती, तेथे एवढी माणसे ठेवायची परवानगी नाही, म्हणून केडगावच्या उघड्या माळावर झोपड्या घातल्या. शारदासदनातल्या मोठ्या मुली आणि सुंदराबाई पवार ह्यांच्यासारख्या सहकारिणी ह्यांनी ह्या पोरींना न्हाऊ-माखू घातले. विहिरी खणल्या. ह्या वस्तीचे नाव मुक्ती. त्याच १८९७ साली आपल्याकडे बार्शी लाइटची छोटी गाडी सुरू झाली. आपल्या स्टेशनला त्या वेळी बार्शी रोड म्हणत. ती छोटी गाडी आज नाही. मुक्ती मात्र आहे.

१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा पुन्हा मुली आल्या आणि मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार माणसांचे दोन वेळचे जेवण म्हणजे काय, हे आपल्या मंडळाच्या वार्षिक जेवणाला दीडशे पाने वाढताना ज्यांची कंबर मोडते त्यांनी मनात आणून पाहावे! रमाबाईंनी ठरीव वर्गणीवर भरवसा ठेवला नाही. इंग्लंडात जॉर्ज म्युलर ह्यांनी केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथगृहे चालविली, ते त्यांनी वाचले होते. गरज देवाला सांगायची आणि जे येईल त्याचा पैन्‌पैचा हिशेब आणि आभार छापून कळवायचे, ही त्यांची रीत. देशोदेशींची साधी माणसे छोट्या छोट्या रकमा पाठवीत.

पण नुसते खायला घालून त्या थांबल्या नाहीत. ज्याला केवळ वाढले जाते तो मिंधा होतो, हे त्यांना ठाऊक होते. प्रत्येक मुलीच्या हाताला काम दिले. शेती, दूध, विणकाम, तेलघाणी, बेकरी, शिवण, छापखाना. पडलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन काढले. फुलहॅमची आठवण येथे उगवली. म्हाताऱ्या आणि पंगू बायकांसाठी प्रीतिसदन, आणि आंधळ्यांसाठी वेगळे सदन, जेथे मनोरमाबाई त्यांना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवीत. कालच्या दुष्काळातली मुलगी आज नव्या आलेल्या मुलीची वेणी घालते, असा तेथला क्रम होता. पुढे १९१२-१३ च्या सुमारास गुलबर्ग्यासही मुलींची शाळा निघाली आणि मनोरमाबाईंनी ती पाहिली. केडगावहून गुलबर्ग्याची गाडी आपल्याच स्टेशनवरून जाते.

भाकरी देऊन धर्म घेतला, असा आक्षेप ह्या कामावर तेव्हाही होता आणि आजही ऐकू येतो. तो अगदीच झटकून टाकण्यासारखा नाही. भुकेल्या पोरीला निवड ती काय असणार? आपल्या पंढरपुरात प्रार्थना समाजाचे अनाथालय १८७५ पासून होते, आणि कर्व्यांनीही १८९६ साली विधवांसाठी काम आरंभिले, म्हणजे दुसऱ्या वाटाही होत्या. पण त्या वाटा दोन हजारांना पुरल्या नसत्या, हेही खरे. आणि रमाबाईंच्या मनात देणे आणि देणाऱ्या देवाचे नाव घेणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. लूकच्या शुभवर्तमानात एक गोष्ट आहे. दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि एकच परत फिरून आभार मानतो, तोही शोमरोनी, परका. हे लूकचे शुभवर्तमान रमाबाईंना ख्रिस्ती होण्यापूर्वी, पतीच्या घरी, बंगालीत मिळाले होते. परत फिरणे हाच त्यांचा धर्म झाला. ते परत फिरणे उपकारकर्त्याच्या दाराकडे असो, नाहीतर आपण ज्या रस्त्यावर पडलो होतो त्या रस्त्याकडे असो.

त्यांचे उपकार स्मरणारीही माणसे निघाली. बाया कर्वे हिंदूच राहिल्या, विधवांच्या शिक्षणासाठी दारोदार हिंडल्या, आणि 'माझे पुराण' ह्या आत्मचरित्रात त्यांनी शारदासदनातल्या दिवसांविषयी आपुलकीने सांगितले आहे.

अखेरची सतरा-अठरा वर्षे रमाबाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. आधीच्या भाषांतराची मराठी खेड्यातल्या, नुकत्या अक्षर ओळखू लागलेल्या बाईला कळत नाही, हे त्यांनी आपल्या मुलींमध्ये पाहिले होते. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कान गेलेले, केस बारीक कापलेले, अंगावर जाडेभरडे पांढरे लुगडे, आणि मांडीवर कागद. १९१९ साली सरकारने त्यांस कैसर-ई-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. जिच्यावर पुढचा सारा भार टाकायचा तीच गेली. ह्या आघातानंतरही भाषांतराचे काम चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावलाच डोळे मिटले.

ग्रंथाची जुळणी, छपाई, बांधणी मुक्तीच्या छापखान्यात तेथल्याच मुलींनी केली आणि संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. त्या मुलींतल्या कितीजणी एके काळी रस्त्यावरून उचलून आणलेल्या होत्या, ह्याचा विचार करावा.

आपल्या मंडळाच्या सहलीसाठी मी ह्या वर्षी केडगाव सुचविले आहे. सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येते. देऊळ नाही, धबधबा नाही, म्हणून काही भगिनींनी नाक मुरडले, पण बहुमत आहे. सोबत प्रत्येकीने घरची दोन शेर ज्वारी आणावी, असे ठरले आहे. बाजरी असली तरी चालेल.